सपाट जमिनीवरचा जिना

दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जायला ज्यांना वॉकर लागतो आणि वळायचं म्हटलं तरी बराच वेळ जातो, ते गृहस्थ जिन्यापाशी आले की वॉकर बाजूला ठेवतात, पायऱ्या झपझप उतरतात आणि तितक्याच सहज चढून वर येतात. वर येऊन सपाट फरशी लागली की पाय पुन्हा जागच्या जागी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सोंग वाटावं. कित्येक घरांत तसं वाटतंही. ‘मनात असलं की बरं चालता येतं’ हा टोमणा पार्किन्सन्सच्या रुग्णांना काही नवा नाही.

पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने घरातल्याच एका वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे पाहिलं आणि ती जिन्याचा विचार करू लागली. पायऱ्यांमध्ये असं काय आहे, जे फरशीत नाही? आणि खरा जिना नसून नुसतं त्याचं चित्र असेल तर? तिने पायऱ्यांचा भास होईल अशी आकृती जमिनीवर अंथरली. उंची शून्य, नुसत्या रेषा आणि छटा. ते गृहस्थ त्यावरून वॉकरशिवाय सरळ चालत गेले आणि चित्र संपलं तिथे पुन्हा थिजले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात शिकलेल्या मिलेहाने २०१५ साली तिथल्या टेडएक्सच्या व्यासपीठावर ही गोष्ट सांगितली.

मला यातली शेवटची पायरी सगळ्यात थक्क करते, म्हणजे चित्र संपल्यावरचं थिजणं. त्या माणसाच्या स्नायूंत ताकद होती, सांधे ठीक होते, चालायचं कसं हे शरीर विसरलेलं नव्हतं. चालणं पूर्ण शाबूत होतं. काही फुटांच्या चित्रावर ते जसंच्या तसं बाहेर आलं. मग एरवी ते कुठे अडकून पडलेलं असतं?

लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. ती अवघ्या सहा माणसांवर बेतलेली होती आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यावरच दिसलेले होते. नाडी न पाहता, नुसत्या चालीवरून त्यांनी रोग हेरला. पुढे झुकलेलं धड आणि चालता चालता आपोआप पळण्यात बदलणारी गती, ही दोन्ही लक्षणं त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवली आहेत. थरथरणारा हात लोकांच्या नजरेत भरतो, म्हणून आपल्याकडेही आजाराची ओळख कंपवात अशीच झाली. पण घरातल्या घरात माणसाला परावलंबी करतं ते बहुतेकदा बिघडलेलं चालणंच. पाऊल आखूड होत जातं, तळवा घासत पुढे सरकतो, चालताना हलणारे हात अंगाशी चिकटून राहतात. आजार जुना झाला की अनेकांच्या वाट्याला ‘फ्रीझिंग’ येतं. निघायचं आहे, धडाने पुढे झेपही घेतली आहे, पण पावलं मात्र जमिनीला खिळली आहेत. हे बहुतेक वेळा काही सेकंदांत सुटतं, पण पडायला तेवढे सेकंद पुरतात.

हे थिजणं वाटेल तिथे होत नाही, त्याच्या ठरलेल्या जागा असतात. दाराची चौकट, दोन खुर्च्यांमधली फट, लिफ्टचं बंद होऊ लागलेलं दार, वळण, सिग्नल सुटायला आलेला असताना ओलांडायचा रस्ता. मोकळ्या मैदानावर बरा चालणारा माणूस न्हाणीघराच्या दारात अडतो. चालताना कोणी प्रश्न विचारला, खिशातला फोन वाजला, घाई झाली, की पाय गेलेच. पार्किन्सन्सबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला ही यादी विक्षिप्त वाटेल. पण जरा विचार केला तर तिच्यात सूत्र आहे. या सगळ्या जागी चालण्यात बदल करावा लागतो: सुरू करणं, थांबणं, वळणं, अरुंद जागेतून जाणं. आणि नेमक्या त्याच क्षणी लक्ष दुसरीकडे ओढलं जातं.

चालण्याकडे निरोगी माणूस लक्ष देत नाही, हेच त्याच्या चालण्याचं रहस्य आहे. मंडईतून परतताना आपण भावांची बेरीज करतो, ओळखीच्याला हात करतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो. पाय आपलं काम करत असतात. हे सवयीचं काम मेंदूच्या खोलवर असलेल्या काही गाठींकडे असतं. त्यांचा एकत्रित उल्लेख बेसल गँग्लिया असा होतो. सवय झालेल्या हालचालींची साखळी पुढे सरकवत ठेवणं, एक तुकडा संपताच पुढच्याला वाट करून देणं, आणि प्रत्येक तुकडा पुरेसा मोठा ठेवणं, ही त्यांची जबाबदारी. यासाठी त्यांना डोपामिन हे रसायन लागतं आणि ते पुरवतात सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यातल्या पेशी. पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरत जातात. डोपामिन आटलं की आतून येणारा ‘आता पुढचं’ हा निरोप क्षीण होतो. पाऊल पडतं, पण छोटं. त्याच्या पुढचं आणखी छोटं. आणि मग एकही नाही.

नाटकात काम केलेल्यांना हे चटकन कळेल. नटाला अख्खं भाषण पाठ असतं, पण ऐन वेळी सुरुवातच सुचत नाही. विंगेतून प्रॉम्प्टर पहिला शब्द कुजबुजतो आणि पुढची दहा वाक्यं नट धडाधड म्हणून टाकतो. प्रॉम्प्टरने त्याला भाषण शिकवलेलं नसतं. पार्किन्सन्समध्ये आतला प्रॉम्प्टर गेलेला असतो. या लेखाचा विषय असलेल्या उपचारपद्धतीत ते काम बाहेरच्या कोणाकडे तरी सोपवलेलं असतं: डोळ्यांना दिसणारी रेषा, कानावर पडणारा ठोका, मनगटावर जाणवणारा कंप. फिजिओथेरपिस्ट त्याला ‘क्यू’ म्हणतात. आपण इशारा म्हणू.

रेषांचा अभ्यास जुना आहे. लंडनचे मेंदुविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो सविस्तर येतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जगभर मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. तीतून वाचलेल्या अनेकांना पुढे पार्किन्सन्ससारखी लक्षणं जडली आणि ते रुग्णालयांतच म्हातारे झाले. मार्टिन यांनी अशा रुग्णांसमोर जमिनीवर रेषा आखल्या. वाटेला आडव्या, साधारण एका पावलाच्या अंतरावर आणि फरशीहून वेगळ्या रंगाच्या रेषा असल्या की रुग्ण त्या ओलांडत चालू लागत. त्याच रेषा वाटेला समांतर आखल्या, तर काहीही होत नसे. म्हणजे जमिनीवर नक्षी असून भागत नाही. ‘मला ओलांड’ असं तिने सांगायला हवं.

रेषा नेमकं काय दुरुस्त करते, हे मेलबर्नमध्ये मेग मॉरिस, रॉबर्ट आयन्सेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उलगडलं. चालण्याचे दोन घटक असतात: मिनिटाला किती पावलं, आणि प्रत्येक पाऊल केवढं. त्यांनी रुग्णांना पावलांची गती कमी-जास्त करायला सांगितली, तर ते त्यांना जमलं. पावलाची लांबी मात्र आपसूक आखूडच राहत होती. मग जमिनीवर योग्य अंतरावर खुणा ठेवल्या, तेव्हा लांबी सुधारून जवळजवळ त्याच वयाच्या निरोगी माणसांइतकी झाली. इथवर ठीक. पण पुढे त्यांनी खुणा उचलल्या आणि रुग्णांना सांगितलं, की तेवढंच लांब पाऊल डोळ्यांसमोर आणा आणि चाला. तेव्हाही पाऊल लांब पडलं! फक्त मनात दुसरं काही शिरेपर्यंत. चालता चालता त्यांना दुसऱ्या कामात गुंतवलं, की पावलं पुन्हा आखूड.

मला वाटतं, या सगळ्या शोधाचं मर्म या प्रयोगात आहे. रेषेत जादू नाही. रेषा चालण्याला सवयीच्या खात्यातून काढून हेतूच्या खात्यात टाकते. ‘चालत राहा’ ही आज्ञा बेसल गँग्लियाच्या वाटेने जाते आणि ती वाट उखडलेली आहे. ‘त्या पिवळ्या पट्टीपलीकडे उजवा पाय ठेव’ ही आज्ञा डोळ्यांपासून निघते आणि मेंदूच्या बाहेरच्या थरातून, वेगळ्या रस्त्याने पायांपर्यंत पोचते. जपानी संशोधकांनी १९९९ साली हे मेंदूच्या चित्रांतही पाहिलं. रुग्णांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं. आधी पट्ट्यावर चालण्याच्या दिशेने जाणाऱ्या रेषा होत्या, मग आडव्या. आडव्या रेषांवर चाल सुधारली, आणि तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातला बाजूचा प्रीमोटर पट्टा जास्त कामाला लागलेला दिसला. दिसणाऱ्या वस्तूच्या अनुरोधाने हात-पाय हलवताना आपण जो भाग वापरतो, तोच हा.

फ्रान्समधल्या एका प्रयोगाने यात आणखी एक पदर जोडला. तोही १९९९चाच. जाँ-फिलिप अझुले आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना पट्ट्यांवरून चालवलं, पण खोलीत उघडझाप करणारा दिवा लावला. पट्ट्या दिसत होत्या, पण त्या आपल्याकडे सरकत येताना दिसत नव्हत्या, कारण दिव्याच्या प्रत्येक झपक्यात चित्र गोठलेलं दिसे. पट्ट्यांचा गुण गेला. तेव्हा रेषा नुसती जागा दाखवत नाही. पायाखालून मागे पळणारी जमीन ती ठळक करते, आणि त्या पळण्यातून शरीराला आपल्या वेगाची बातमी मिळते.

बाहेरच्या इशाऱ्याने अडलेली हालचाल मोकळी होण्याला ‘पॅराडॉक्सिकल कायनेशिया’ असं भारदस्त नाव आहे. फ्रेंच डॉक्टर आशिल सूक यांनी ते १९२१ साली वापरलं. त्याचं टोकाचं उदाहरण इटलीतलं. ६ एप्रिल २००९च्या पहाटे लाक्विला शहराला भूकंपाने हादरवलं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर आपल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांची हकीकत नोंदवून ठेवली. एरवी उठता-बसता मदत लागणारे लोक त्या रात्री स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडले होते, काहींनी तर घरच्यांनाही बाहेर काढलं होतं. अर्थात भूकंप काही डॉक्टरांना लिहून देता येत नाही. रेषा देता येते.

सायकलही देता येते, असं नेदरलँड्समध्ये सिद्ध झालं. नायमेखनच्या रुग्णालयात बास्टियान ब्लूम आणि आंके स्नायडर्स यांच्याकडे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. आजाराला दहा वर्षं झालेली. कोणाच्या आधाराशिवाय चार पावलंही नीट पडत नव्हती. पडली तर पुढे तोल जायचा. त्यांना सायकलवर बसवलं. त्यांनी पायडल मारलं, रस्त्याला लागले, सफाईने वळले आणि परत आले. सायकलवरून उतरले आणि पुन्हा थिजले. २०१० साली हे प्रकरण वैद्यकातल्या एका अग्रगण्य नियतकालिकात चित्रफितीसह छापून आलं, आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती चित्रफीत पुन:पुन्हा पाहिली. फिरणारं पायडल एका पायाला खाली नेतं तेव्हाच दुसऱ्याला वर आणतं. पुढचा इशारा आपोआप तळव्याला मिळत राहतो. असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. (आपल्या रस्त्यांवर हा उपाय सांगायची माझी हिंमत नाही. घरात एका जागी ठेवलेली व्यायामाची सायकल मात्र अनेक फिजिओथेरपिस्ट सुचवतात.)

आता कानाकडे वळू, कारण खरी बहार तिथे आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बेथ अब्राहम रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याच मेंदूज्वराच्या साथीतले, दशकानुदशकं पुतळ्यासारखे बसून राहिलेले रुग्ण पाहिले. १९६९ साली त्यांना एल-डोपा हे औषध देऊन जागं केल्याची कथा त्यांच्या १९७३च्या ‘अवेकनिंग्ज’मध्ये आहे. त्यावरच्या १९९०च्या चित्रपटात एक प्रसंग आहे: फरशीची नक्षी संपते तिथे एक रुग्ण थांबते, म्हणून डॉक्टर आणि नर्स मिळून उरलेली फरशी रंगवतात. पण औषधाच्या आधीही सॅक्स यांना एक गोष्ट दिसली होती. बोलू न शकणारे रुग्ण गात होते आणि पाऊल न उचलणारे संगीतावर नाचत होते. संगीत थांबलं की तेही थांबत. पुढे संगीतोपचारक कॉन्चेटा टोमेनो यांच्यासोबत त्यांनी या विषयासाठी एक संस्थाच उभी केली, १९९५ साली.

सॅक्स यांचं हे निरीक्षण होतं. त्याचं मोजमाप केलं कोलोरॅडोत मायकेल थाउट यांनी. ते स्वतः संगीतकार. त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांना तीन आठवडे रोज घरी ठेक्यावर चालवलं. ठेका प्रत्येकाच्या स्वतःच्या गतीपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेला. या लोकांचा चालण्याचा वेग २५ टक्क्यांनी वाढला, पावलाची लांबी १२ टक्क्यांनी. तितकाच व्यायाम ठेक्याशिवाय करणाऱ्यांचा वेग ७ टक्के वाढला, आणि काहीच न करणाऱ्यांचा तेवढाच घटला. एवढ्या साध्या उपायाचा हा परिणाम! कान आणि स्नायू यांच्यातलं नातं फार जवळचं आहे. रस्त्याने जाताना बँडचा आवाज आला की आपली पावलं आपल्या नकळत त्यात पडू लागतात, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. ठोका नियमित असला की मेंदूला पुढचा ठोका कधी येणार हे आधीच कळतं आणि पाय त्याच्या स्वागताला तयार राहतो.

इथे एक गंमत आहे. ताल जाणवणं हेदेखील बऱ्याच अंशी बेसल गँग्लियाचंच काम आहे, म्हणजे जो भाग बिघडला त्याचंच. म्हणून पार्किन्सन्समध्ये काहींची तालाची समजच अंधूक होते, आणि ज्यांना ताल धरता येतो त्यांना या उपचाराचा जास्त फायदा होतो, असं दिसून आलं आहे. अशा वेळी ठोका ठसठशीत असावा लागतो. आलापीवर कोणी चालू शकणार नाही. टाळ, ढोलकी, लेझीम यांच्यावर शकेल. दिंडीत पावली खेळणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

लयही जपून निवडावी लागते. सामान्यतः रुग्णाच्या नेहमीच्या चालीपेक्षा ठेका थोडा जलद ठेवतात. पण ज्यांना वारंवार फ्रीझिंग होतं, त्यांना हाच जलद ठेका घातक ठरू शकतो. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांना २००६ साली असं आढळलं, की अशा रुग्णांची पावलं १० टक्के वाढवलेल्या ठेक्यावर उलट आणखी आखूड होतात. त्यांच्यासाठी लय धीमी हवी. तेव्हा मोबाइलवर मेट्रोनोमचं ॲप उतरवून आजोबांच्या कानात घालण्याआधी त्यांची नेहमीची पावलं मिनिटाला किती पडतात हे तरी मोजावं. हे काम खरं तर फिजिओथेरपिस्टचं.

मेट्रोनोमची टिकटिक पाऊल कधी टाकायचं ते सांगते, केवढं लांब टाकायचं ते सांगत नाही. बेलफास्टच्या विल्यम यंग, कॅथी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून एक वेगळी युक्ती केली. त्यांनी खडीवरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज मुद्रित केला. खडीवर पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंत करकर असा लांबट आवाज होतो. पाऊल लांब असलं की तो वेगळा, आखूड असलं की वेगळा. रुग्णांना हे आवाज ऐकवले तेव्हा त्यांनी लयही उचलली आणि लांबीही. ज्याचं शरीर आतून पावलाचं माप काढू शकत नव्हतं, त्याने ते दुसऱ्याच्या पावलाच्या आवाजातून काढलं. आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांनी तर आवाजालाही रजा दिली. त्यांनी रुग्णांना चालताना मनातल्या मनात गायला सांगितलं. बाहेर वाजणाऱ्या गाण्याशी जुळवून घेताना पावलं थोडी अनियमित होत होती. मनातल्या गाण्यावर ती अधिक एकसारखी पडली. २०१९चा हा निष्कर्ष मला फार आवडतो. गाणं पाठ असलं की हेडफोनही लागत नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. नर्तक हृषीकेश पवार यांनी इथल्या शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली असे वर्ग सुरू केले, त्याच धाटणीचे. नृत्याच्या वर्गात या लेखातले जवळजवळ सगळे इशारे एकत्र येतात. संगीताचा ठेका, समोर नाचणाऱ्याची आकृती, शेजाऱ्याच्या हाताचा स्पर्श, शिवाय ‘उजवा पाय पुढे’ असं शिक्षकाचं बोलणं. आणि तिथे कोणी रुग्ण म्हणून येत नाही, नाचायला येतो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही मोजपट्टीवर येत नाही, म्हणून ती कमी महत्त्वाची ठरत नाही.

गंमत अशी, की यांतल्या बऱ्याच युक्त्या डॉक्टरांच्या कितीतरी आधी रुग्णांनी स्वतःच शोधलेल्या असतात. कोणी काठी उलटी धरून तिची मूठ पायासमोर आणतो आणि ती ओलांडतो. कोणी जागच्या जागी डुलून वजन एका पायावर घेतो. कोणी आधी एक पाऊल बाजूला टाकतो आणि मग पुढे. कोणी सरळ चालता येत नाही म्हणून गुडघे उंच उचलून परेड करतो. शुभंकराने आपला बूट आडवा पुढे केला, की तो ओलांडून चालू लागणारेही आहेत. आपल्या जुन्या घरांचे उंच उंबरेसुद्धा, विचार केला तर, दाराच्या नेमक्या अडण्याच्या जागी आखलेली आडवी रेषाच होते. आता फ्लॅटमधल्या सपाट दारात ती राहिली नाही. अर्थात पाय घासत चालणाऱ्याला उंबऱ्याला अडखळून पडण्याची भीतीही तितकीच खरी. तिथे रंगीत चिकटपट्टी बरी.

नायमेखनच्या योर्रिट नोनेकेस, ब्लूम आणि सहकाऱ्यांनी अशा शेकडो युक्त्या रुग्णांच्या चित्रफितींतून गोळा करून त्यांचे सात गट पाडले. बाहेरचा इशारा हा त्यांतला एक. मनातल्या मनात मोजणं, तोल सांभाळायची पद्धत बदलणं, दुसऱ्याला चालताना पाहणं, पूर्ण वेगळीच चाल उचलणं, असे इतर. तंत्रज्ञही मागे नाहीत. त्याच गावातल्या आणि ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी लेझरचा बूट बनवला: एक पाय टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे एक प्रकाशरेषा पडते, ती ओलांडली की दुसरा बूट पुढची रेषा टाकतो. माणूस चालेल तसा त्याच्यापुढे आडव्या रेषांचा रस्ता तयार होत जातो. २१ रुग्णांवरच्या चाचणीत, औषधाचा अंमल उतरलेला असताना थिजण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. अंमल असताना सुमारे ३८ टक्क्यांनी.

एवढं वाचून कोणाला वाटेल, की मग औषधं कशाला. तसं नाही. इशारे काम करतात ते औषधांच्या जोडीने. पेशींचं मरणं ते थांबवत नाहीत. शिवाय त्यांचा गुण टिकवणं कठीण. युरोपातल्या तीन देशांत १५३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन तीन आठवडे शिकवत. हवा तो इशारा निवडायची मुभा होती. बहुतेकांनी कानातला ठोका निवडला, काहींनी मनगटावरचा कंप. पाऊल सरासरी चार सेंटिमीटरने लांबलं, फ्रीझिंग असणाऱ्यांचा त्रासही थोडा घटला. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर बराचसा लाभ ओसरला होता. चार सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पाय घासत चालणाऱ्याच्या दृष्टीने तो अडखळणं आणि न अडखळणं यांतला फरक असू शकतो. पण सराव सोडला की लाभ जातो, हे आधीच सांगितलेलं बरं. हेतूने चालणं दमवतंही. दिवसभर प्रत्येक पाऊल ठरवून टाकायचं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला येणं अवघड आहे.

आणि एकाचा इशारा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. रेषा पाहून एखादा बिचकतो. ठोका ऐकून एखाद्याचं लक्ष उडतं. करून बघण्याला पर्याय नाही. पण करून बघायला आधी माहीत तर हवं. नायमेखनच्याच गटाने ४,३२४ रुग्णांना विचारलं. त्यांतल्या १७ टक्क्यांनी या सातांपैकी एकाही प्रकाराबद्दल कधी ऐकलं नव्हतं, २३ टक्क्यांनी एकही करून पाहिला नव्हता. हे सर्वेक्षण २०२१ साली छापलं गेलं. मार्टिन यांच्या रेषांना तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं. गोळी असती तर तिचा प्रतिनिधी प्रत्येक दवाखान्यात पोचला असता. चिकटपट्टीला प्रतिनिधी नसतो.

घरी कोणी थिजून उभं असेल तर शुभंकराचा हात सहज पुढे जातो, दंडाला धरून ओढायला. नेमकं तेच टाळायचं असतं. ओढल्याने धड पुढे येतं, पाय मागे राहतात आणि दोघंही पडू शकतात. ‘चला, चला’चा घोषही नको, कारण घाई झाली की पाय आणखी घट्ट होतात. थांबू द्यावं. टाचा टेकवायला, सरळ उभं राहायला, एक श्वास घ्यायला सांगावं. मग वजन एका पायावर, दुसरा पाय मोकळा, आणि एक, दोन, तीन. किंवा फरशीच्या पुढच्या सांध्याकडे बोट दाखवावं आणि म्हणावं, तो ओलांडा.